सोळा पायांची मोजणी

त्या दिवशी सकाळी पाय मोजले तर साडेपंधरा भरले.

मी शाळेत गणित शिकवते. घरात कुठलीही गोष्ट चारपेक्षा जास्त झाली की मोजायची ही माझी जुनी खोड. अ‍ॅक्सोलॉटलची चार पिल्लं, प्रत्येकी चार पाय, एकूण सोळा. (हा सॅलमँडरच्या कुळातला, डोक्यामागे तुऱ्यांसारखे कल्ले असलेला आणि जन्मभर पाण्यातच राहणारा उभयचर प्राणी.) सकाळी उठलं की दात घासायच्याही आधी टाकीसमोर उकिडवं बसून मी हजेरी घ्यायचे. आठ दिवस सोळाच्या सोळा भरले. नवव्या दिवशी मधल्याचा पुढचा डावा पाय कोपरापासून खाली नव्हता. रक्त नाही, तडफड नाही. तो तळाशी नेहमीच्याच हसऱ्या तोंडानं बसलेला, आणि बाकीची तिघं अशी साळसूद की जणू त्या गावचीच नाहीत.

आई मागे येऊन उभी राहिली. चष्मा पुसून तिनं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, भावंडंच ना ती? एका आईची लेकरं एकमेकांना कशाला चावतील? कुठंतरी अडकून तुटला असेल."

मलाही तसंच वाटायला हवं होतं. म्हणून मी अर्धा तास टाकीतला स्पंज फिल्टर, पाइपचे तुकडे, प्लास्टिकची झाडं, सगळं बाहेर काढून तपासलं. कुठंच काही धारदार नव्हतं आणि पायही कुठं सापडला नाही. न सापडलेला पाय म्हणजे कुणाच्या तरी पोटात गेलेला पाय, एवढी वजाबाकी मला येते.

पिल्लं भाच्याकडून आली होती. त्याच्याकडच्या जोडीनं अंडी घातली, त्यातली चार त्यानं मला आणून दिली. "आत्या, अवघड महिना मी काढलाय," तो म्हणाला, "तुला आता फक्त वाढवायचीयत." अवघड महिना म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असतं. पहिले दोनतीन दिवस पोटातल्या बलकावर जगतं, आणि मग खातं ते फक्त हलणारं. मेलेलं, गोठवलेलं काही समोर ठेवलं तरी त्याला ते अन्न वाटतच नाही. मग रोज आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी मिठाच्या पाण्यात उबवायची, ती पिल्लं गाळायची, गोड्या पाण्यात धुवायची आणि दिवसातून दोनदा भरवायची. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात. इथं उलटं, आधी पुढचे आणि नंतर मागचे. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे पुढचे पाय फुटले की खोडी सुरू होते, आणि पिल्लू दोन सेंटिमीटरचं झाल्यापासून सातआठ सेंटिमीटरचं होईपर्यंत एकमेकांना चावण्याचा भर असतो. म्हणजे माझ्याकडे आली तेव्हा ती त्या काळाच्या ऐन मध्यावर होती. हे त्यानं सांगितलं होतं की मी ऐकलं नव्हतं, यावर आमचं अजून एकमत नाही.

नावं मी पहिल्याच दिवशी ठेवली, लांबी मोजून. काचेच्या उथळ भांड्यात पाणी घ्यायचं, खाली आलेख कागद ठेवायचा, वर पिल्लू. ते क्षणभर स्थिर झालं की चौकटी मोजायच्या. हातात धरायची गरज पडत नाही आणि धरूही नये. त्यांची कातडी फार नाजूक असते. थोरली ६.२ सेंटिमीटर, मधला ५.५, धाकटी ५.१ आणि शेंडेफळ ४.४. नर की मादी हे वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत नीट कळत नाही, त्यामुळे थोरली ही 'ली' कशी आणि मधला 'ला' कसा हे विचारू नका. तसं वाटलं, एवढंच.

टाकी ६० सेंटिमीटर लांबीची. चार पिल्लांना ती मला मैदानासारखी वाटली होती. पाण्याची तयारी मी नीट केली होती, कारण ती बाजू मला समजते. भाच्याच्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज माझ्या फिल्टरला लावून दिला होता, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तयारच आले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान १७ ते १८ अंश. तळाला खडे नाहीत. ही पिल्लं अन्न चावत नाहीत. तोंड उघडून पाण्यासकट घोट ओढतात, आणि त्या घोटात खडाही जातो आणि आतड्यात अडकतो. म्हणून तळ मोकळा, नुसती काच. दिसायला भकास, पण बरा.

चूक पाण्यात नव्हती, जेवणाच्या पद्धतीत होती. ती मात्र मला दोन अपघातांनंतर सापडली.

पहिला संशय अर्थातच थोरलीवर. सगळ्यात मोठी, डोकं रुंद, भरवताना सगळ्यांत आधी पुढे. मी तिला उचलून दोन लिटरच्या डब्यात ठेवलं. शिक्षिका म्हणून इतक्या वर्षांत मी शिकलेय की वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाला आधी उभं करायचं नसतं. तरी तेच केलं. दोन रात्री गेल्या आणि धाकटीच्या उजव्या बाजूच्या कल्ल्याचा एक तुरा शेंड्यापासून गायब. थोरली तेव्हा डब्यात होती, निर्दोष.

त्या रात्री मी टाकीजवळ मुक्काम ठोकला. खोलीत अंधार, फक्त बाजूच्या खोलीतला मंद उजेड. यांना पापण्या नसतात. लख्ख प्रकाश पडला की कोपऱ्यात दबून बसतात आणि काहीच बघायला मिळत नाही. नेहमीच्या वेळी मी गोठवलेल्या ब्लडवर्मचा, म्हणजे बारीक लाल अळ्यांचा, तुकडा पाण्यात सोडला, रोज सोडत होते तसाच, वरून, मधोमध. तो विरघळून अळ्या खाली सांडायला लागल्या आणि टाकीत वास पसरला. वास मला अर्थातच आला नाही, पण त्यांना आला हे लगेच दिसलं. तिघंही जागच्या जागी ताठ झाली, माना किंचित वर. मग जी चाल सुरू झाली ती शिकाऱ्याची नव्हती, अंधारात चष्मा शोधणाऱ्या माणसाची होती. यांची नजर अधूच. वास आणि पाण्यातली हालचाल यांवरच सगळा कारभार. अंगावर दोन्ही बाजूंनी बारीक संवेदनाबिंदूंची रांग असते, पार्श्वरेषा म्हणतात तिला, आणि जवळ काही वळवळलं की ते तिथं कळतं. म्हणजे नियम सोपा: वास अन्नाचा आहे, तोंडाजवळ काहीतरी हललं, ओढ घोट.

शेंडेफळ अळ्यांच्या ढिगापासून बोटभर लांब होतं. धाकटी त्याला ओलांडून ढिगाकडे निघाली आणि जाता जाता तिचा मागचा पाय त्याच्या तोंडासमोरून गेला. पुढचं मला दिसलंच नाही, इतकं झटकन झालं. दिसलं ते एवढंच की धाकटीचा पाय घोट्यापर्यंत शेंडेफळाच्या तोंडात आहे आणि दोघंही थबकलीयत. दोनेक सेकंद. मग धाकटीनं शेपटीचा फटका मारला, शेंडेफळानं पाय सोडला, आणि दोघंही पुन्हा अळ्या शोधायला लागली. राग नाही, पळापळ नाही, भांडण तर नाहीच. एक घोट चुकला, दुसरा घ्यायचा.

चारांत सगळ्यात लहान, ४.४ सेंटिमीटरचं शेंडेफळ. मी तोपर्यंत जिथं तिथं वाचून एकच गोष्ट डोक्यात ठेवली होती की मोठं लहानाला खातं, म्हणून सारख्या आकाराची पिल्लं एकत्र ठेवा. ते खोटं नाही, पण ते अर्धं गणित आहे. अख्खं पिल्लू गिळायचं असेल तर आकारात मोठा फरक लागतो, कारण जे डोक्याच्या रुंदीत मावतं तेच आत जातं. पाय तोडायला मात्र फरकाची गरजच नाही. कितीही मोठ्या भावंडाचा पाय हा पायाएवढाच असतो, आणि तो कुठल्याही तोंडात मावतो. उलट जे लहान राहिलंय ते उपाशी असतं, आणि उपाशी असतं म्हणून जे येईल त्यावर घोट ओढतं. माझ्या पद्धतीत अन्न मधोमध पडायचं, थोरली आणि मधला ते आधी गाठायचे आणि शेंडेफळाला उरलंसुरलं. म्हणजे चावणारं मीच तयार करत होते, रोज रात्री, दिवसातून फक्त एकदा भरवून. पाच सेंटिमीटरच्या जिवाला दोनदा लागतं.

दुसऱ्या दिवशी चारांचे चार डबे झाले.

लोकांना हा भाग आवडत नाही. शेजारणी, मैत्रिणी, शाळेतले सहकारी, सगळ्यांनी एकच वाक्य वेगवेगळ्या सुरांत म्हटलं: एकटं वाटत असेल बिचाऱ्यांना. मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. चार घेतली तीच मुळी त्यासाठी, एकाला करमणार नाही म्हणून. पण करमण्याची भानगड माझी होती, त्यांची नाही. हा प्राणी कळपात राहणारा नाही. टाकीच्या एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेल्या अ‍ॅक्सोलॉटलचे फोटो फार गोड दिसतात. बहुतेक वेळा त्या कोपऱ्यात पाण्याचा ओढा कमी असतो किंवा सावली असते, आणि सगळ्यांनाच ती जागा हवी असते. लोकलच्या खिडकीजवळ बसलेल्यांना आपण जिवलग मित्र म्हणत नाही. अनेक प्रयोगशाळांत तर हे प्राणी एकेका भांड्यात स्वतंत्रच ठेवतात, कारण तिथं प्रत्येक पाय हिशेबातला असतो.

आईचं म्हणणं मात्र अगदीच निराधार नव्हतं, हे मी तिला नंतर वाचून दाखवलं. टायगर सॅलमँडर ही यांची जवळची नातलग जात. तिच्यात काही पिल्लं इतर पिल्लांना खाणारीच होतात, डोकं रुंद, दात मोठे. पण प्रयोगांत असं दिसलंय की खायची वेळ आली तर ती नात्यातल्यांपेक्षा परक्यांकडे जास्त वळतात. आई खूश झाली. "बघ, म्हणजे रक्त ओळखतं." मी म्हटलं, "आई, ते त्या जातीत. आपलं शेंडेफळ अंधारात पायाचा वास घेऊन आडनाव विचारत नाही."

डब्यांचे दिवस कष्टाचे होते. दोन लिटर पाण्यात फिल्टर नाही, त्यामुळे रोज सगळं पाणी बदलायचं. नळाचं पाणी थेट चालत नाही. क्लोरीन काढणारं द्रव घालून मी ते आदल्या रात्री बादलीत भरून ठेवायचे, म्हणजे तापमानही खोलीच्या बरोबरीला यायचं. नुसतं पाणी मुरवून क्लोरीन उडून जातो, पण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते असं उडत नाही, म्हणून द्रव घालायचंच. शाळेत जायच्या आधी एकदा भरवायचं, अर्ध्या तासानं उरलेल्या अळ्या ड्रॉपरनं उचलायच्या, संध्याकाळी पुन्हा तेच आणि मग पाणी. एका रविवारी मी कंटाळून पाणी बदललं नाही आणि सोमवारी सकाळी पट्टीवर अमोनियाचा रंग हिरवट झाला. शेंडेफळाचे कल्ले पुढच्या बाजूला वळलेले होते आणि शेपटीचं टोक मुडपलेलं. हे त्यांचं 'मला बरं नाही'. पाणी बदलल्यावर दुपारपर्यंत पूर्ववत झालं, पण त्यानंतर मी कंटाळले नाही. आई त्या फळीला वसतिगृह म्हणायची. "वसतिगृहाचं पाणी झालं का?" हा आमच्या घरातला रोजचा प्रश्न झाला.

आणि त्या सात आठवड्यांत मधल्याचा पाय परत आला.

याविषयी मी आधी वाचलेलं होतं, तरी वाचणं वेगळं. वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देते. दुसरा दिवस: जखमेवर पातळ कातडी, गुळगुळीत. दहावा दिवस: टोकाला बारीक उंचवटा, पेन्सिलीच्या टोकासारखा. अठरावा दिवस: उंचवटा चपटा झालाय, वल्ह्यासारखा. सव्विसावा दिवस: वल्ह्याला दोन खाचा. चौतिसावा दिवस: तीन बोटं, पारदर्शक, चौथ्याचा अंदाज. बेचाळिसावा दिवस: पाय टेकून चालतोय, बाकी पायांपेक्षा फिकट. जखमेजवळच्या पेशी आपली ठरलेली कामं बाजूला ठेवून पुन्हा कच्च्या होतात, त्यांचा एक गोळा जमतो आणि त्यातून हाड, स्नायू, नसा, कातडी सगळं पुन्हा घडतं. वण राहत नाही. याच गुणामुळे जगभरच्या शास्त्रज्ञांनी यांचा पिच्छा पुरवलाय. २०१८ साली यांचा जीनोम, म्हणजे पेशीतली सगळी जनुकीय माहिती, वाचून झाला तो ३२ अब्ज अक्षरांचा निघाला, माणसाच्या सुमारे दहापट. मी मुलांना वर्गात हा आकडा फळ्यावर लिहायला लावला. शून्यं मोजताना निम्मा वर्ग चुकला.

पण पाय परत येतो म्हणून चावू द्यायचं, असं काही लोक अगदी सहज म्हणतात, त्याचा मला राग येतो. मधल्याची वाढ त्या काळात मागे पडली. ६० टक्के, ७० टक्के असा आकडा मी देणार नाही, पण आलेख कागदावर त्याची रेघ इतर तिघांच्या खाली गेली ती स्पष्ट दिसते. उघड्या जखमेवर कापसासारखी बुरशी धरू शकते. डोक्याला किंवा पोटाला चावा बसला तर पुन्हा उगवायला पिल्लूच उरत नाही.

हा प्राणी मुळात मेक्सिको सिटीच्या दक्षिणेच्या सोचिमिल्को भागातल्या कालव्यांचा. दुसरं घर होतं चाल्को सरोवर, ते माणसानं कोरडं केलं. सोचिमिल्कोच्या मोजणीत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० सापडले होते, २०१४ मध्ये ३६. गढूळ होत गेलेलं पाणी, आणि वर बाहेरून आणून सोडलेले तिलापिया आणि कार्प मासे. जगभरच्या टाक्यांतले मात्र बरेचसे १८६४ मध्ये पॅरिसला पोहोचलेल्या मूठभर जनावरांचे वंशज. रानात अंड्यातून निघालेली पिल्लं पाणवनस्पतींत पांगत असतील, जागा असते. माझ्या ६० सेंटिमीटरच्या मैदानात पांगून पांगून जाणार कुठं?

पुन्हा एकत्र आणलं ते चौघंही दहा सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर. थोरली ११.४, शेंडेफळ १०.८, धाकटी १०.६, मधला १०.१. शेंडेफळ दुसरं आलं हे वाचताना लक्षात आलं असेलच. स्वतंत्र ताट मिळालं की काय होतं ते त्या आकड्यात आहे. टाकी आता ९० सेंटिमीटरची. लपायला चौघांना सहा जागा, कारण चौघांना चार दिल्या तर दोघांना एकच आवडते. पाण्याचा ओढा अगदी मंद. आणि भरवायची रीत बदलली: वरून काही सोडायचं नाही. गांडुळाचे तुकडे लांब चिमट्यानं, एकेकाला, ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात, आधी शेंडेफळाला. चिमटा लांबून येताना दिसला की थोरली पोहत येते, तेव्हा तिला डाव्या हातातल्या दुसऱ्या चिमट्यानं अडवून ठेवायचं. दोन हातांनी दोन मुलांच्या वह्या तपासण्याचा सराव इथं कामाला आला.

पहिले तीन दिवस मी टाकीजवळच गादी टाकून झोपले. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "तुला शाळेत डुलक्या लागतील, तू खोलीत जा, मी बसते." ती बसली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली.

पुन्हा चावलं नाही असं नाही. एकदा धाकटीच्या कल्ल्याचा तुरा गेला, पंधरवड्यात आला. मोठं काही नाही. भाचा परवा येऊन बघून गेला. म्हणाला, "आत्या, वर्षाच्या आसपास शेपटीच्या मुळाशी फुगवटा दिसला की तो नर. तेव्हा पुन्हा वेगळं करायला लागेल हां." मला माहीत आहे. एका खेपेला शेकड्यांनी अंडी घालणारी मादी, आणि नर सोबत असला तर तिला उसंत मिळत नाही. शिवाय सख्खी भावंडं. डबे धुवून माळ्यावर ठेवलेत, फेकले नाहीत. आता चौघंही आठ महिन्यांची आहेत आणि थोरलीच्या मुळाशी मला काहीतरी गोलसर दिसायला लागलंय. नाव बदलायला लागणार असं दिसतं.

सकाळची हजेरी चालूच आहे, फक्त पायांवरून बोटांवर आलेय. अ‍ॅक्सोलॉटलला पुढच्या पायांना चार चार बोटं आणि मागच्यांना पाच पाच, म्हणजे एकेकाची अठरा, चौघांची बहात्तर. मधल्याचा पाय परत येताना कुठंतरी हिशेब चुकला आणि तिथं चारऐवजी पाच फुटली. पाचवं जरा वाकडं आहे, पण चालताना तो तेही टेकवतो.

"किती भरली?" आई स्वयंपाकघरातून विचारते.

"त्र्याहत्तर."